तापल्यावर डंपरचा हौदा अर्ध्यावरच थांबतो: पंप, पीटीओ की जॅक?

तळोजा_लोडिंग

गाडी 10 चाकी, हौदा 16 घनमीटरचा. पुढे केबिनमागे चार स्टेजचा (एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा, ऑइलच्या दाबावर उघडणारा) जॅक, पहिली स्टेज 149 मिमी. पीटीओ (गिअरबॉक्समधून ताकद घेऊन पंप फिरवणारा भाग) गिअरबॉक्सच्या बाजूला, हवेवर लागणारा. त्यालाच थेट बसवलेला 82 सीसीचा गिअर पंप. ऑइल 68 नंबर, टाकी 120 लिटरची. काम पनवेलच्या क्रशरवरून उलव्याकडे भरावाचं; खडी असते, मुरूमही असतो.

सकाळी हौदा झकास उचलतो. दुपारी ऑइल तापलं की भरलेला हौदा मध्येच थांबतो. रेस वाढवली तर पंप ओरडायला लागतो, जॅक थरथरतो आणि वेग वाढायच्या ऐवजी आणखी कमी होतो. थांबायची जागा ठरलेली नाही, कधी दुसऱ्या स्टेजला तर कधी तिसऱ्या. रिकामा हौदा मात्र केव्हाही पूर्ण वर जातो. टाकीचं झाकण उघडलं की वर फेस, रंग दुधाळ. बाहेर कुठे गळती नाही.

एक मेस्त्री म्हणतो पंप गेला, नवा टाका. दुसरा म्हणतो जॅकचं सील किट बदला. कळंबोलीत एकाने तर काही न तपासता रिलीफचा (दाब फार चढला की ऑइल टाकीत सोडणाऱ्या वॉल्व्हचा) स्क्रू दोन आटे आवळतो म्हणून पाना काढला, त्याला हात लावू दिला नाही. खर्च करायची तयारी आहे, पण आधी कशावर करायचा?

गेज_आधी

स्क्रूला हात लावू दिला नाहीत हे उत्तम. गेज न लावता रिलीफ आवळणं म्हणजे पंप, होज, जॅक आणि खालची सबफ्रेम सगळंच पणाला लावणं.

जॅकचं सील किट यादीतून आधी काढा. हा जॅक एकतर्फी दाबाचा आहे: ऑइल आत गेलं की नळे वर, खाली येतो तो हौद्याच्या वजनाने. आतल्या आत ऑइल पलीकडे जायला त्यात दुसरी बाजूच नाही. सील गेलं तर ऑइल नळ्यांवरून ओघळताना दिसणार. तुमच्याकडे बाहेर थेंब नाही, मग सील बदलून हौदा उचलणार कसा? हौदा वर धरून ठेवल्यावर आपोआप खाली उतरत असेल आणि बाहेर गळती नसेल, तर दोष टिपिंग वॉल्व्हच्या (ऑइल जॅककडे की टाकीकडे जाणार ते ठरवणाऱ्या वॉल्व्हच्या) सीटचा. त्यातही जॅक नाहीच.

आता पंप. झिजलेला गिअर पंप आणि उपाशी गिअर पंप यांची लक्षणं वरवर सारखी, पण रेस दिली की दोघं वेगळे पडतात. झिजलेल्या पंपात गिअर आणि बाजूच्या प्लेटमधून ऑइल मागे निसटतं. ऑइल तापून पातळ झालं की जास्त निसटतं, म्हणून दुपारी त्रास. पण रेस दिली की निसटण्याच्या मानाने नवं ऑइल जास्त येतं आणि हौदा थोडा तरी सुधारतो. उपाशी पंपाला सक्शनमधून, म्हणजे टाकीतून ऑइल ओढायच्या बाजूने, पुरेसं ऑइलच मिळत नाही. रेस दिली की त्याची मागणी वाढते, पुरवठा तेवढाच. मग तो ओरडतो, हवा ओढतो, जॅक थरथरतो. तुम्ही लिहिलेलं वर्णन दुसऱ्या प्रकाराचं आहे. माझं बोट सक्शनकडे. रिकामा हौदा पूर्ण जातो यावरून काहीच ठरत नाही, दोन्ही दोषांत तो जातो.

थांबायची जागा ठरलेली नाही हेही कामाचं. दर वेळी नेमक्या त्याच उंचीला थांबला असता तर दोनच गोष्टी बघायला सांगितल्या असत्या: टाकीतली पातळी आणि लिमिट वॉल्व्ह (हौदा पूर्ण वर गेला की उचल थांबवणारा). तुमचा जॅक पूर्ण उघडायला साधारण 50 लिटर ऑइल घेतो. टाकीत 60 लिटरच असेल तर शेवटच्या स्टेजला सक्शनचं तोंड उघडं पडतं. पातळी नेहमी हौदा पूर्ण खाली असताना बघायची, 120 च्या टाकीत 90 ते 100 लिटर हवं. लिमिट वॉल्व्हचा ब्रॅकेट वाकला असेल तर तो वेळेआधी दाबला जातो आणि ऑइल टाकीत परत फिरतं.

या क्रमाने करा:

1. काचेच्या बरणीत टाकीतलं ऑइल काढून ठेवा. तासाभरात वरून फेस निघून खालपासून ऑइल स्वच्छ झालं तर ती हवा. रात्रभर ठेवूनही दुधाळ राहिलं किंवा तळाशी थर बसला तर पाणी. घाई असेल तर तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका. चरचरला तर पाणी आहे. चेहरा लांब ठेवा.

2. पंप आणि टिपिंग वॉल्व्हच्या मधल्या लाइनवर 0 ते 250 बारचं ग्लिसरीन भरलेलं गेज टी लावून बसवा. हौदा पूर्ण खाली. इंजिन बंद करून, लाइनमधला दाब सोडून, वॉल्व्हमधून जॅककडे जाणारी लाइन काढा आणि तिथे दाबाला टिकणारा ब्लँक प्लग लावा. मग इंजिन आयडलला, पीटीओ लावून लिव्हर "वर" मध्ये तीन ते पाच सेकंद, त्याहून जास्त नाही. जो आकडा येईल तो रिलीफचा. हे एकदा सकाळी थंड ऑइलवर आणि एकदा दुपारी तापलेल्या ऑइलवर करा.

3. दोन्ही आकडे आणि काटा स्थिर होता की थरथरत होता ते इथे लिहा.

आणि एक धोक्याची गोष्ट. पंपाची ताकद बघायची म्हणून पंपाच्या तोंडालाच गेज लावून बाकी सगळं बंद करणारे लोक आहेत. मध्ये रिलीफ नसताना गिअर पंप फुटेपर्यंत दाब चढवतो. कोणी तसं करत असेल तर गाडीपासून लांब उभे राहा.

पारसिकचा_पाना

सक्शनबद्दल सहमत, पण एक गोष्ट राहिली. हवेचा दाब बघितला का? तुमचा टिपिंग वॉल्व्ह केबिनमधल्या लिव्हरने हवेवर चालतो. हवा कमी पोचली की आतला स्पूल (ऑइलची वाट बदलणारी सरकती दांडी) पूर्ण सरकत नाही आणि अर्धं ऑइल टाकीकडे वळतं. पंप चांगला, रिलीफ चांगला, तरी हौदा रेंगाळतो. वॉल्व्हवरच्या हवेच्या नळीला टी लावून छोटं गेज बसवा. लिव्हर पूर्ण ओढल्यावर तिथे 7 बारच्या आसपास दिसलं पाहिजे. केबिनमधल्या मीटरवर 8 दिसतं म्हणून मागे 8 पोचतं असं नाही. पावसाळ्यात एअर टाकीतलं पाणी काढलं नाही की ते नळ्यांत येतं, वॉल्व्ह नीट सरकत नाही.

पीटीओचंही तसंच. हवा कमी असेल तर दात अर्धवट लागतात, लोडवर सुटतात, खडखड होते. तुमच्याकडे खडखड लिहिलेली नाही, ओरडणं लिहिलंय, म्हणून पीटीओ शेवटी ठेवा. तरी गाडी खड्ड्यावर घेतलीच आहे तर पंप आणि पीटीओच्या जोडावर हात फिरवा. तिथे दोन सीलच्या मध्ये खाली एक बारीक छिद्र असतं. तिथून हायड्रॉलिक ऑइल टपकत असेल तर पंपाचं शाफ्ट सील गेलं. जड, गंधकाच्या वासाचं ऑइल असेल तर ते गिअरबॉक्सचं, म्हणजे पीटीओचं सील. बऱ्याच गाड्यांत हे छिद्र मातीने बुजलेलं असतं किंवा कोणीतरी "गळतंय" म्हणून एम-सील लावून बंद केलेलं असतं! मग ऑइल बाहेर न येता पलीकडे जातं. गिअरबॉक्सची पातळी वाढलेली आणि हायड्रॉलिक टाकीची कमी झालेली दिसली तर हेच. तुमच्याकडे फेस आहे म्हणून हे नक्की बघा: पंप चालू असताना शाफ्ट सीलच्या मागे सक्शनचा ओढा असतो, सील कडक झालं असेल तर तिथून हवा आत जाते आणि बाहेर एक थेंब दिसत नाही.

घोडबंदर_टिपर

मुरूम भरता म्हणालात म्हणून विचारतो, अडकतो तेव्हा हौद्यात काय असतं? ओला मुरूम किंवा खणलेली चिकण माती असेल तर पंप तपासायच्या आधी हौदा तपासा. दाबाचा हिशोब करून बघा.

माल आणि हौदा मिळून 24 टन धरा, माल सारखा पसरलेला. पुढच्या जॅकवर त्यातला साधारण निम्मा, 12 टन. 149 मिमीच्या स्टेजचं क्षेत्रफळ 174 चौरस सेंमी, म्हणजे सुरुवातीला 70 बारच्या आतबाहेर पुरतात. तिसरी स्टेज 110 मिमीची असेल तर क्षेत्रफळ 95, म्हणजे त्याच वजनाला जवळपास दुप्पट दाब. कोन वाढेल तसं जॅकवरचं वजन कमी होतं आणि माल घसरायला लागतो, म्हणून एरवी हे जाणवत नाही. पण माल पुढच्या भिंतीला चिकटून बसला तर वजन सगळं पुढे, नळा मात्र लहान. तिथे रिलीफ उघडतो आणि हौदा थांबतो. यात पंपाचा दोष शून्य.

फाळक्याचे (हौद्याच्या मागच्या दाराचे) हुकही बघा. एका बाजूचा हुक वेळेवर सुटला नाही की माल दाबून बसतो आणि हौदा पिळवटतो.

अडकल्यावर गाडी पुढे घेऊन करकचून ब्रेक मारायचा, म्हणजे माल सुटतो, ही आपल्याकडची आवडती युक्ती. त्यात नळे बाहेर असतात आणि सगळा झटका जॅकच्या खालच्या पिनवर येतो. वाकलेल्या जॅकचं पुढे काहीच होत नाही. हौदा खाली घ्या, चिकटलेला माल पोकलेनने मोकळा करा, परत उचला.

तळोजा_लोडिंग

सगळ्यांचे आभार. बघितलं ते लिहितो.

बरणी: फेस लवकर निघाला, ऑइल खालून वर स्वच्छ होत गेलं. तव्यावर थेंब चरचरला नाही.
ब्लँक लावून गेज: सकाळी 160 बार, काटा स्थिर. दुपारी 155, काटा थरथरतो, आणि रेस दिली की थरथर वाढते.
हवा: टिपिंग वॉल्व्हवर 7.2.
दोन सीलमधलं छिद्र: बुजलेलं होतं, तारेने उघडलं, कोरडं आहे. गिअरबॉक्सची पातळी बरोबर.
माल: खडीवरही अडकतो, फक्त मुरूमावर नाही. फाळका व्यवस्थित सुटतो.

सक्शनचा होज गाडीबरोबर आलेलाच आहे, बाहेरून ठीक दिसतो. क्लिपा आवळून बघितल्या, फरक नाही.

गेज_आधी

बरणीने पाणी बाद केलं. 160 चे 155, म्हणजे पंप आणि रिलीफ दोन्ही ठीक. पंप झिजला असता तर आयडलला गरम ऑइलवर काटा 100 च्याही खाली आला असता आणि रेसवर चढला असता. रिलीफची सीट खराब असती तर रेस देऊनही काटा चढला नसता. थरथरणारा काटा म्हणजे पंपात ऑइलबरोबर हवा किंवा पोकळी. नवा पंप आणला असता तर तोही याच सक्शनवर ओरडला असता, आणि थोड्या दिवसांत त्याच्या प्लेटा खाल्ल्या गेल्या असत्या.

आता फक्त टाकी ते पंप एवढाच तुकडा राहिला. तीन जागा:

सांधे. पीटीओ चालू ठेवून, लिव्हर न्यूट्रलला, सक्शनच्या प्रत्येक जोडावर जाड ग्रीस चोपडा. एका जागी ग्रीस लावताच आवाज बदलला तर हवा तिथून जाते. खाली सरकाल तेव्हा हौदा खालीच असला पाहिजे, हात फिरत्या शाफ्टपासून लांब.

गाळणी. टाकीच्या आत सक्शनला 125 मायक्रॉनच्या आसपासची जाळी असते. तिच्यावर कॉटन वेस्टचे धागे गुंडाळलेले हमखास सापडतात, कारण टाकी पुसायला लोक तेच वापरतात.

होज. माझा खरा संशय याच्यावर. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या जुन्या होजचं आतलं अस्तर सुटतं. ऑइल थंड असताना ते कडक असतं, भिंतीला धरून राहतं. तापलं की मऊ होतं, आणि रेस दिली की ओढ्याने आत ओढलं जाऊन वाट अडवतं. तुमचं "सकाळी ठीक, दुपारी बंद, रेसवर आणखी वाईट" यात तंतोतंत बसतं. होज काढा आणि आत टॉर्च मारून बघा. दिसलं नाही तर बोट घालून दाबा. अस्तर सरकतंय का ते कळेल.

तळोजा_लोडिंग

होज काढला. पंपाकडच्या टोकापासून वीतभर आत अस्तराला फुगा आलाय, बोटाने दाबला की सरकतो. जाळीवर धागे होते पण थोडे. आता होज कोणता घ्यायचा? दुकानदार दीड इंची देतोय, म्हणतो तोच चालतो सगळ्यांना.

गेज_आधी

दीड इंची नको. 82 सीसी पंप 1,000 फेऱ्यांना मिनिटाला 82 लिटर ओढतो. दीड इंची होजमधून त्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटरच्या जवळ जातो, दोन इंचीमधून 0.7. सक्शनमध्ये वेग 1 मीटरच्या आत ठेवायचा. दोन इंची, आत स्टीलच्या तारेची गुंडाळी असलेला, ऑइलचा सक्शन होज मागा. पाण्याचा होज दिसायला सारखा असतो, ऑइलने मऊ पडतो. लांबी लागेल तेवढीच, वळण मोठ्या गोलाईत. क्लिपा जाड बोल्टवाल्या, प्रत्येक टोकाला दोन. मध्ये बंद करायचा कॉक असेल तर तो पूर्ण उघडा आहे ना ते बघून हँडल तारेने बांधून टाका. अर्धा बंद कॉक हा अशा गाड्यांचा दुसरा नेहमीचा आजार आहे.

पारसिकचा_पाना

पंप सुटला तर स्प्लाइन (शाफ्टवरचे लांब दात) बघून घ्या. दातांवर लाल भुकटी असेल तर ग्रीस संपून दात घासले जातायत. मोलिब्डेनमचं ग्रीस लावा. पीटीओ मात्र उगाच काढू नका. बाजूच्या पीटीओत दातांमधली फट साधारण 0.15 ते 0.30 मिमी असते आणि ती गॅस्केटच्या जाडीवर ठरते. "एकावर एक दोन गॅस्केट टाकू, गळणार नाही" असं म्हणणारा मेस्त्री ती फट बिघडवतो आणि मग खडखड सुरू होते.

ऑइलची टाकी आता रिकामी केलीच आहे तर जुन्यात काय होतं ते विचारा. वर्कशॉपमध्ये उरलेलं इंजिन ऑइल हायड्रॉलिक टाकीत ओतायची सवय असते. इंजिन ऑइलमधली साफ करणारी द्रव्यं पाणी सुटू देत नाहीत, फेसही जास्त टिकतो. 68 नंबरचं हायड्रॉलिक ऑइलच भरा, जुनं मिसळलेलं परत टाकू नका. टाकाऊ ऑइल भंगारवाल्याला किंवा नाल्यात नको, परवानाधारक रिसायकलरला द्या. कासाडी नदीचे हाल आधीच पुरे आहेत.

वाशीखाडी

सगळं बरोबर चाललंय, पण हौदा वर करून खाली कोणी घुसणार असेल तर आधी हौद्याचा दांडा (वर गेलेला हौदा अडवून धरणारा टेकू) लावा, आणि हौदा रिकामा असल्याशिवाय दांड्यावर भरवसा ठेवू नका. हौदा खाली येत नाही म्हणून जॅकचा होज सैल करणं तर कधीच नाही. नट शेवटच्या आट्यावर आला की हौदा सावकाश येत नाही, कोसळतो.

उलव्याच्या भरावावर ताजी माती असते, एका बाजूची चाकं दबली की वर गेलेला हौदा आडवा होतो. जागा सपाट आणि घट्ट बघूनच उचला. तळोजा-कळंबोली पट्ट्यात हाय-टेन्शनच्या तारा डोक्यावर आहेत. हौदा पूर्ण उचलल्यावर त्याचं टोक कुठवर जातं ते ड्रायव्हरला आधी दाखवून ठेवा. आणि पीटीओचा बझर तोडलेला असेल तर जोडून घ्या. पीटीओ लागलेला ठेवून गाडी पळवली की पंप त्याच्या ठरलेल्या फेऱ्यांच्या कितीतरी वर फिरतो. पंपाचं शाफ्ट सील बहुतेक वेळा तिथेच जळतं.

तळोजा_लोडिंग

दोन इंची होज मिळाला, रबाळे एमआयडीसीत. पंप कोरडा झालाय, थेट चालू केला तर चालेल का?

गेज_आधी

नाही. टाकी आधी 95 लिटरपर्यंत भरा. पंपाच्या सक्शनच्या तोंडातून स्वच्छ ऑइल ओतून पंप भरा, मग होज बसवा. टाकी पंपापेक्षा उंच आहे, म्हणून कॉक उघडून पंपाच्या दाबाकडचा नट एक आटा सैल ठेवा आणि तिथून बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत थांबा. मग नट आवळा. हे सगळं इंजिन बंद असताना.

वॉल्व्हवरचा ब्लँक काढून जॅकची लाइन जोडायला विसरू नका. पीटीओ लावताना क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग स्विच, मग क्लच सावकाश सोडा. आयडलला, लिव्हर न्यूट्रलला ठेवून पाच मिनिटं ऑइल नुसतं फिरू द्या. त्यानंतर रिकामा हौदा एक स्टेज वर, खाली, दोन स्टेज वर, खाली, मग पूर्ण. जॅकच्या टोकाला हवा काढायचा स्क्रू असेल तर हौदा खाली असताना तो सोडून हवा जाऊ द्या.

शेवटी भरलेल्या हौद्यावर, तापलेल्या ऑइलने घड्याळ लावा. पंपाच्या 1,000 फेऱ्यांना 50 लिटरचा जॅक 40 ते 45 सेकंदांत पूर्ण उघडला पाहिजे. तेवढ्यात उघडला आणि आवाज गेला तर काम झालं. 60 च्या वर गेला तर परत गेज लावा आणि आकडे इथे टाका. रिलीफचा स्क्रू तोवर आहे तसाच.